तातेरावांचं शून्य

कुरुंद्याच्या तातेरावांनी रविवारी सकाळी आठ वाजता रेडिओवर "राम राम मंडळी" म्हटलं की चार तालुक्यांतले अकरा शिकलेसवरलेले पुरुष आपापल्या सेटची बटणं पिळायला लागायचे. तातेरावांचा आवाज जसा समोर बसल्यावर येतो तसा घोगरा आणि भारदस्त येईस्तोवर पिळायचे. तसा आला की सेटवरचा आकडा बघायचा. आकडा सात हजार साठवर नसला तर सेट उघडून आतला स्क्रू फिरवायचा आणि आकड्यालाच गपगुमान साठवर आणून बसवायचं. याला ते 'शून्य लावणं' म्हणायचे. तातेरावांनी स्वतःचं शून्य कुठून आणलं, हे विचारायची अक्कल त्या अकरांपैकी एकालाही झाली नाही.

हे सगळे हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन सरकारी लायसन काढायचं, घरावर तार ताणायची आणि घरबसल्या लांबच्या माणसाशी बोलायचं, ही यांची हौस. हौसेला माझं काही म्हणणं नाही. पण रविवारच्या या जमावाला, म्हणजे यांच्या भाषेत 'नेट'ला, तातेराव मालक म्हणून लाभले होते. काहून मालक? तर त्यांच्या हळदीच्या गोदामावर साठ फुटी टॉवर होता आणि सेट जपानी होता. बास. तातेराव एकेकाचं नाव घेऊन हजेरी घ्यायचे, प्रत्येकाला तुझा आवाज कसा येऊन राहिला ते सांगायचे, आणि बाकीचे त्यांची री ओढायचे. नांदेडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा हरीशसुद्धा. पोरांना हा माणूस काय शिकवत असेल ते नागनाथालाच ठाऊक.

हजेरीतलं बारावं, शेवटचं नाव माझ्या बाचं. मोहनसिंग राठोड. बावीस वर्षं फौजेत सिग्नलमध्ये काढून बा सिद्धेश्वर धरणाजवळच्या आमच्या तांड्यावर परत आला. तीन वर्षांमागं मोटारसायकलवरून पडून खुबा मोडला, तेव्हापासून खाट आणि उंबरठा एवढंच त्याचं जग. आठवड्यातून एक तास त्याला माणसं भेटायची ती या नेटवर. त्या तासासाठी तो शनिवारी दाढी करायचा. रेडिओवर कुणाला दाढी दिसते म्हणून याडी, म्हणजे माझी आई, त्याला चिडवायची, तरी करायचा.

सेट त्यानं स्वतःच्या हातानं बनवलेला. आणि दर रविवारी हजेरीत बाचं नाव आलं की तातेराव म्हणायचे, "मोहनसिंग, तुमी परत वर आहात. नव्वद सायकल वर." बाकी सगळ्यांना राव नाहीतर साहेब, माझ्या बाला नुसतं मोहनसिंग.

सायकल म्हणजे काय ते सांगते, अवघड काही नाही. रेडिओची लाट एका सेकंदात किती हेलकावे खाते, ते तिचं माप. यांच्या नेटची जागा ठरलेली, सेटवर सात हजार साठ, म्हणजे सेकंदाला सत्तर लाख साठ हजार हेलकावे. त्यात नव्वदाचा फरक पडला तर आभाळ कोसळत नाही, पण ऐकणाऱ्याला तुमचा आवाज जरा चिरका, बदकासारखा येतो. बाचा आवाज या मंडळींना बदकासारखा यायचा. हसायचे. एकदा हरीशनं नक्कलही केली होती.

दर सोमवारी बा सेट उघडायचा. फौजेतल्या पद्धतीनं पहिल्यापासून तपासायचा. सगळं जिथल्या तिथं सापडायचं. पुन्हा झाकण लावायचा आणि रविवारी पुन्हा तेच, नव्वद सायकल वर. दोन वर्षं हे चाललं. शेवटी २००८ च्या दिवाळीनंतर तातेरावांनी फर्मान काढलं की नेटला शिस्त पाहिजे, संक्रांतीपर्यंत मोहनसिंगनं सेट बराबर केला नाही तर हजेरीत त्याचं नाव येणार नाही. त्या दिवशी बा जेवला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, सेट चांगला हाय, माझा कानच गेला असंल. ज्या माणसाच्या कानावर भरोसा ठेवून फौजेची अख्खी तुकडी सेट जुळवायची, तो माणूस हे बोलला. मला असा संताप आला की तातेराव समोर असते तर त्यांचा टॉवर मी त्यांच्याच गोदामात घातला असता.

मी दिपा. औंढ्याला कॉम्प्युटरचा क्लास घेते. पोरांना स्वतःचं नाव टाईप करायला शिकवते आणि ते आलं की त्यांचे आईबाप पेढे वाटतात. कॉम्प्युटर मात्र मला कळतो. पुण्याच्या एका ओळखीच्या मुलाकडून मी परदेशी रेडिओचा एक किट मागवला. काडेपेटीएवढा बोर्ड, बाकी सगळा रेडिओ कॉम्प्युटरच्या आत, सॉफ्टवेअरमध्ये. तार बोर्डाला लावायची, बोर्ड कॉम्प्युटरच्या साऊंड कार्डाला, आणि आवाज ऐकायच्या ऐवजी लाट पडद्यावर रेघ म्हणून दिसते. रेघेवर बाण ठेवला की आकडा समोर. तातेरावांना हे कळलं तेव्हा ते नेटवर म्हणाले की मोहनसिंगच्या पोरीनं खेळणं आणलंय. अकरा जण हसले. हसणारच, पगारी असल्यासारखे हसायचे.

आता हा आकडा खरा कशावरून, हा पहिला प्रश्न. तो मला पडला, त्या तेरा लायसनवाल्यांपैकी माझ्या बाला सोडून कुणाला पडला नव्हता. बोर्डावरचा, सगळं माप धरून ठेवणारा स्फटिक थंडी-उन्हानं सरकतो. सकाळी आमच्या तांड्यावर हुडहुडी भरते आणि दहाला पत्रा तापतो, त्याबराबर आकडा पळतो. मग मी बोर्ड स्टीलच्या डब्यात घातला, डबा ज्वारीच्या कणगीत हातभर खोल पुरला आणि नुसत्या तारा बाहेर काढल्या. ज्वारीच्या पोटात दिवसरात्र सारखीच ऊब असते. याडीनं कपाळावर हात मारला. भाकरीला करंट आला तर तुलाच पहिली वाढीन, म्हणाली.

मग तीन परदेशी स्टेशनं पकडली. तीन वेगळ्या देशांची, मोठी, ज्यांचा आकडा छापलेला असतो आणि जी तो पाळतात. पहिलं माझ्या पडद्यावर दोनशे बारा सायकल खाली दिसलं. दुसरं दोनशे बारा. तिसरं दोनशे अकरा. म्हणजे माझा बोर्ड दोनशे बारानं खोटं बोलत होता, आणि एकदा खोटं किती ते कळलं की खरं काढायला गणित लागत नाही. त्या तीन स्टेशनांची तातेरावांशी सोयरीक नव्हती, माझ्या बाशीही नव्हती. म्हणून मी त्यांचं ऐकलं.

पुढच्या रविवारी कॉम्प्युटर लावून बसले. लाईट नव्हतीच, क्लासचा कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर दोन्ही टमटममधून घरी आणले होते. तातेरावांनी राम राम घातला आणि मी त्यांच्या आवाजाची रेघ मोजली. सत्तर लाख एकोणसाठ हजार नऊशे आठ. जागेपासून ब्याण्णव सायकल खाली. मग हजेरीतले बाकीचे, एकामागून एक, तेवढेच खाली. दोघंतिघं सायकल-दोन सायकल इकडंतिकडं, बस. शेवटी माझा बा बोलला. सत्तर लाख साठ हजार एक.

बा एका सायकलनं चुकत होता. ते अकराच्या अकरा आपल्या मालकासकट खड्ड्यात उभे राहून, काठावरच्या माणसाला तू वर काहून म्हणून झापत होते.

तेव्हाच पलीकडच्या खोलीत जाऊन बाला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. मी नुसतं सांगितलं तर तातेराव काय म्हणणार ते मला पाठ होतं, पोरीचं खेळणं बापाचीच बाजू घेणार. त्याच आठवड्यात हैदराबादच्या एका रेडिओ क्लबची सूचना आली होती. डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी ते एक लाट सोडणार, तिचा आकडा गुपित. ज्यानं त्यानं आपल्या घरी मोजायचा आणि पोस्टानं पाठवायचा. मग ते छापील निकाल पाठवणार, कुणाचा आकडा खऱ्यापासून किती लांब. नुसतं ऐकायला लायसन लागत नाही, म्हणजे मलाही भाग घेता येणार होता. तातेरावांनी नेटवर सगळ्यांना भाग घ्यायला लावलं, मोहनसिंगलाही, म्हणजे एकदाचं कळंल म्हणाले. मला गुदगुल्या झाल्या. छापील कागदावर माझ्या बाचं नाव वर आणि तातेरावांचं तळाला, आणि तो कागद अकरा जणांच्या घरी पोस्टमननं नेऊन द्यायचा. मला तो दिवस बघायचा होता. त्यासाठी पुढचे सगळे रविवार मी मोजत राहिले आणि तोंड मिटून बसले.

मधे एकदा बानं विचारलं होतं. खाटेवरून, सहज विचारल्यासारखं, "छोरी, तुझं यंत्र माझ्याबद्दल काय म्हनतं?" घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली बोलतो, मी इथं मराठीत सांगते. मी म्हटलं, "परीक्षेच्या आधी सांगायचं न्हाई बा. निकाल येऊ दे." असं ऐटीत म्हटलं की जणू क्लासचा पेपरच काढला होता मी. बानं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

परीक्षेच्या रविवारी साडेसातला हैदराबादची लाट आली. बानं हेडफोन घट्ट लावला, डोळे मिटले आणि सेटसारखंच घरी बनवलेल्या, लाट मोजायच्या आपल्या यंत्राचा सूर हळूहळू तिच्याजवळ नेला. दोन सूर जवळ आले की घोंघावतात. घोंघावणं मंद होत होत जातं आणि सूर एकात एक मिसळले की थांबतं. थांबलं त्या क्षणी बानं आपल्या यंत्राचा आकडा वाचला आणि वहीत लिहिला, सत्तर लाख एकसष्ट हजार चारशे अठरा. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. माझ्या पडद्यावर चारशे सोळा होतं. एवढं महागाचं सॉफ्टवेअर आणि एका म्हाताऱ्याचा कान, फरक दोनाचा. मला रडू यायचं बाकी होतं. माझा आकडा मात्र त्याला सांगितला नाही. कॉम्प्युटरला आवाज साठवत ठेवून मी आठच्या आधीच औंढ्याला जादा क्लासला निघून गेले. सोमवारी बानं डिंकानं चिकटवलेलं पाकीट हातात दिलं, ते मी माझ्या पाकिटाबरोबर औंढ्याच्या पोस्टात टाकलं आणि कॉम्प्युटर क्लासला परत नेला.

निकाल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आला, क्लासच्या पत्त्यावर. खरा आकडा चारशे पंधरा. पहिलं नाव दिपा राठोड, एक सायकलचा फरक. माझ्या नावाचं मला काही वाटलं नाही, मी दुसरं नाव शोधत होते. दुसरा विजापूरचा कुणी. तिसरा, चौथा, सगळे लांबचे. मग रेशनच्या रांगेसारखे आमचे नेटवाले एकाखाली एक लागले होते, फरक एक्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव. आणि त्यांच्यामधे, हरीशच्या खाली, मोहनसिंग राठोड. पाठवलेला आकडा पाचशे आठ. फरक त्र्याण्णव.

छपाईची चूक असेल म्हणून मी कागद उन्हात धरून पाहिला. मग परीक्षेच्या दिवशी साठवलेला आवाज आठवला. तो तास मी ऐकलाच नव्हता, गरज काय होती. क्लासमधल्या पोरांना बाहेर काढलं आणि ऐकला.

आठ वाजता राम राम झाला. लगेच तातेराव म्हणाले की नियम नियमाच्या जागी, पण आपल्या माणसांना मार्गदर्शन करणं माझं काम हाय, मला पाचशे सात येऊन राहिलेत. मग एकेक जण. पाचशे सात, बराबर साहेब. पाचशे सहा, साहेब. हरीशनं पाचशे सात पूर्णांक तीन सांगितलं, तेवढा एक दशांश स्वतःच्या अकलेचा म्हणून. अकरा जणांचं झालं आणि तातेरावांनी विचारलं, "मोहनसिंग, तुमचं काय?" त्यानंतर बराच वेळ नुसती खरखर होती. इतका वेळ की मला वाटलं बाची बॅटरी उतरली. मग माझ्या बाचा आवाज आला. "पाचशे आठ, साहेब. तेवढंच येऊन राहिलं."

मी तशीच टमटमनं घरी आले. तो कागद बाच्या मांडीवर टाकला आणि नको ते बोलले. म्हटलं, त्या नंदीबैलांच्या रांगेत तुमी पन जाऊन उभे राहिलात, बावीस वर्षं फौजेनं तुमाला माना डोलवायला पगार दिला का. याडी चुलीवरून उठून दारात आली आणि मला गप म्हणाली. बानं कागद दोनदा वाचला. मग वही काढली. चारशे अठरा तिथं होतं, त्याच्यावर एकच सरळ रेघ मारलेली, फौजेत चूक खोडतात तशी, खालचं वाचता आलं पाहिजे म्हणून. बाजूला पाचशे आठ. त्याच दिवशी त्यानं सेटचा स्क्रूही फिरवला होता, अंदाजानं तातेरावांजवळ नेला होता.

"तातेराव धरून बारा जन एक म्हनून राहिले," बा म्हणाला. "माझा एकट्याचा कान येगळा. किती दिवस एकट्यानं म्हनावं की मी बराबर हाय?"

"तुमीच बराबर होता," मी म्हटलं. "तीन सायकलचा फरक. माझ्या पडद्यावर चारशे सोळा होतं. तातेराव ब्याण्णव खाली आहेत, मी दर रविवारी मोजलंय."

"कवापासून?"

"दिवाळीच्या पुढच्या महिन्यापासून."

बानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. रागावला असता तर बरं झालं असतं. "मी तुला इचारलं व्हतं," तो म्हणाला. "काहून न्हाई सांगितलंस?"

मला छापील कागद पाहिजे होता. तातेरावांचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. त्या अकरांना तोंडावर अडाणी म्हणायचं होतं. खाटेवर बसलेल्या एका माणसाला एक वाक्य सांगायचं होतं, तेवढंच राहिलं. त्यांना मी नंदीबैल म्हणते, पण त्यांच्या मालकानं निदान माझ्या बाला काही विचारलं तरी होतं, आणि बानं विचारलेल्याला उत्तर तरी दिलं होतं. मी तेही केलं नाही.

तातेरावांचं तोंड उतरलं का, तर छे. पुढच्या रविवारी त्यांनी निकाल वाचून दाखवला आणि म्हणाले की हैदराबादवाल्यांचंच यंत्र खाली सरकलेलं दिसतंय, आपण तेराच्या तेरा जन एकदम चूक कसे असू? बराबर साहेब, म्हणाले सगळे. हरीशनं तर हैदराबादला पत्र लिहून कळवायचं ठरवलं. मग तातेराव म्हणाले, "मोहनसिंगराव, तुमचं मात्र अभिनंदन. तुमी आता एकदम बराबर आलात."

मोहनसिंगराव. दोन वर्षांत पहिल्यांदा. बा खाटेवर जरा ताठ बसला आणि थँक यू सर म्हणाला, फौजेतल्या आवाजात. हजेरीतून नाव गेलं नाही.

त्या दुपारी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. म्हटलं, बा, परत आपल्या जागेवर आणू, खऱ्या साठ हजारावर. बानं सेटच्या झाकणावर हात ठेवला. तुझा आकडा खरा असंल, म्हणाला, पर तिथं मानूस न्हाई. वाद घालायचा हक्क मी डिसेंबरातच घालवला होता. मग तोच म्हणाला की अंदाजानं लावलेलं सरकतं, तुझ्या यंत्रावर बघून नीट लावून देत जा.

आता कॉम्प्युटर घरीच असतो. बोर्ड ज्वारीत आहे. जिल्ह्यात यापेक्षा बारीक मोजणारं यंत्र कुणाकडं नसेल, आणि दर रविवारी आठला तातेरावांचा राम राम झाला की मी त्यावर त्यांची ब्याण्णव सायकलची चूक मोजते आणि बाला त्या चुकीवर एका सायकलचाही फरक न ठेवता आणून बसवते. बा दाढी करून बसलेला असतो. हेडफोन खुंटीला असतो, जुळवायला तो कानाला लावतच नाही. स्क्रू फिरवतो, माझ्या पडद्याकडं बघतो आणि विचारतो, "लागलं का?"

मी म्हणते, लागलं.